उलटे आटे

परवा दुपारी कोठ्यात जीपचं डावीकडचं पुढचं चाक काढायला बसलो. नट पाच. तास झाला तरी एक हलेना. घासलेट टाकून झालं, हातोडीनं ठोकून झालं, पान्याच्या दांड्याला लोखंडी पाइप घालून त्यावर अख्खा उभा राहून झालं. उन्हानं टिना तडतडत होत्या. समोर छपरीत बाबा खाटेवर उताणे, डोळ्यांवर दुपट्टा. मला वाटलं झोपले आहेत.

"डाव्या अंगाचं चाक हाय ते," दुपट्ट्याखालून आवाज आला. "उलटे आटे असतात त्याले. तू कसून राहिला."

म्हणजे तासभर मी नट काढत नव्हतो, आवळत होतो. या जुन्या जीपच्या डाव्या चाकांचे नट उलटे फिरतात. चाक पळताना नट आपसूक सैल होऊ नये म्हणून तशी सोय. मी विचारलं, "मग इतका वेळ काहून नाही सांगितलं?"

"तू इचारलं काय?"

बैल विकले तेव्हापासून कोठा रिकामाच होता. त्यात एका कोपऱ्यात जीप, तिच्यावर ताडपत्री, ताडपत्रीवर कोंबड्या. ती पुन्हा सुरू करायची असं मी या उन्हाळ्यात मनावर घेतलं. पुण्याचा भाचा याला 'रिस्टोरेशन' म्हणतो. गावात म्हणतात, "जीप बनवून राहिले भाऊ." मला गावाचा शब्द बरा वाटतो. त्यात निदान घाम आहे. पारावर पैजही लागली आहे म्हणे, की आधी शकुंतला सुरू होते की आमची जीप. यवतमाळ-मूर्तिजापूर ही छोट्या रुळांची गाडी बंद पडून कित्येक वर्षं झाली, तरी पैजेत तिचीच बाजू भारी आहे.

जीप थ्री बी. अमेरिकेत हिचं मॉडेल १९५३ साली निघालं आणि १९६८ साली तिथं बंदही झालं. आपल्याकडे महिंद्रनं ते पुढंही बरीच वर्षं चालू ठेवलं. या मॉडेलचं नवं इंजिन आधीच्यापेक्षा उंच होतं, ते झाकणात मावेना, म्हणून झाकणच उचललं. त्यामुळे हिचा चेहरा सतत भुवया वर करून बसलेला. आमचा सालदार हिला 'उचल्या कपाळाची' म्हणायचा. पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली, आणि हा सालदार त्या सीटवर बसून निवांत बिडी ओढायचा. काटा कधीच बंद पडला होता. तेल किती उरलं हे टाकीत तुराटी बुडवून बघायचं. ओली किती झाली ते बोटानं मोजायचं, तुराटी पुसून मागच्या बाकाखाली सरकवायची. पुढं मिस्तरीनं डिझेल इंजिन बसवलं, आवाज ट्रॅक्टरचा झाला, तुराटी मात्र तीच राहिली.

पान्यांचा एक वेगळाच ताप आहे. मी नागपुरातून चकचकीत संच आणला, आठपासून बत्तीसपर्यंत. सगळे मिलिमीटरचे. जीप इंचात. चौदाचा पाना जात नाही, पंधराचा फिरतो आणि नटाच्या कडा खातो. बाबांच्या डालडाच्या डब्यात जुने पाने आहेत, त्यांना सूत लागतं. आठ सुतांचा इंच. चौदा-पंधराच्या मधे जे अडकलं होतं ते साडेचार सूत निघालं. आता बाजारात "साडेचार सुताचा पाना द्या" म्हटलं की काउंटरवरचा पोरगा मालकाला हाक मारतो, आणि मालक आधी माझ्याकडे बघून हसतो, मग माळ्यावर चढतो. साडेचार सूत हा शब्द तोंडात बसतो. चौदा पॉइंट एकोणतीस मिलिमीटर म्हणून बघा कोणी.

चाक निघालं नव्हतंच अजून, पण आत हात घातला तर मडगार्डच्या पोटात वाळलेल्या काळ्या मातीचा लपका होता, विटेएवढा. आमची माती तुम्हाला माहीत आहे. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, आणि पावसात चप्पल सोडत नाही. या मातीनं जीपला एकदा जो धडा शिकवला तो गावात अजून सांगतात.

मी चौथीत होतो. पोळ्याचा दिवस. आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकून झाले होते, हळद आणि तूप लावून त्यांच्या कानात "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" सांगून झालं होतं. सकाळी बाबा मला घेऊन पळसाच्या फांद्या आणायला वावराकडे निघाले. बंडी जुंपायची नव्हती, म्हणून जीप. रात्रभर पाऊस झालेला. नाल्याच्या चढावर गाडी बसली. बाबांनी मोठ्या ऐटीत लहान गेर टाकला. मोठ्या गेराच्या शेजारी दोन बारके दांडे असतात, एक चारही चाकांना जोर द्यायचा, एक तो जोर वाढवायचा. दोन्ही टाकले. चारही चाकं फिरली. गाडी जागेवर. टायरच्या नक्षीत माती भरून चाकं कुंभाराच्या चाकासारखी गुळगुळीत झाली होती.

बाबांनी मला गावात पिटाळलं, बैल घेऊन ये म्हणून. मी धावत सालदाराकडे गेलो. तो बैलांच्या शिंगांना रंग लावत होता. त्यानं ब्रश खाली ठेवला, हात पुसले, आणि म्हणाला, "बाबाले सांग, आज त्याईले आवतन हाय."

बस. याच्यावर बोलायची सोय नव्हती. आजच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवणारा आमच्या गावात कोणी जन्मला नव्हता. बाबाही आग्रह करेनात. पायी आले, खांद्यावर पळसाचा भारा, गुडघ्यापर्यंत चिखल. पोळा फुटला, बैल दारोदार पूजा घेऊन आले. संध्याकाळी आई ताट घेऊन निघाली. कुंकू, दिवा, पुरणपोळी. नाल्यापर्यंत चालत गेली, मी मागं. तिनं जीपला ओवाळलं, त्या उंच कपाळावर बोट टेकवलं आणि पोळीचा तुकडा बंपरवर ठेवला. मी विचारलं, ही कुठं बैल आहे? आई म्हणाली, "कामाची तर आहे ना. उपाशी कशी ठेवायची."

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. आम्ही पोरं लाकडाचे बैल ओढत नाल्यावर गेलो आणि दोर बांधून ते जीपला जुंपले. तिसऱ्या दिवशी खऱ्या बैलांच्या दोन जोड्यांनी ती बाहेर काढली. बाबा स्टिअरिंगवर होते, पण त्यांचं मन लागत नव्हतं.

भाचा म्हणतो, मामा, हिला व्हिंटेज करून घ्या. २०२१ पासून नियम आहे. पन्नास वर्षांवरची गाडी, मूळ स्वरूपात ठेवलेली, नोंदणीचे वीस हजार, आणि पाटीवर व्हीए ही अक्षरं. मूळ स्वरूप म्हटलं की आमचं डिझेल इंजिन आडवं येतं, ते सोडा. मी नियम बाबांना वाचून दाखवला. व्हिंटेज गाडी प्रदर्शनाला, रॅलीला नेता येते, रोजच्या वापराला नाही.

"वावरात नेता येते काय?"

"नाही बहुतेक."

"मंग काय पूजा करतं तिची?" म्हणाले, आणि स्वतःच गप्प झाले.

तर नट. बाबा उठले, काठी टेकत कोठ्यात आले, खाटेसारखंच कण्हत खाली बसले. मला पाना उलटा फिरवायला लावला. पहिला नट कर्र करून सुटला. दुसरा, तिसरा, चौथा. मी खुशीत. पाचव्यावर पाना ठेवला तर बाबांनी त्याच्यावर हात ठेवला, असाच, जोर न लावता.

"शेवटचे म्याच कसले होते हे. पंक्चर होतं. तुझ्या आईले यवतमाळले न्याचं होतं त्या राती."

त्यानंतर जीप निघाली नव्हती. हे मला माहीत होतं, पण नटाच्या हिशेबात मी ते कधी धरलं नव्हतं. कोंबडी बोनेटवर येऊन बसली. बाबांनी तिला हाकललं नाही.

पाचवा उद्या काढू म्हटलं. चाक त्या एका नटावर आहे, खाली जॅक आहे, वर ताडपत्री टाकली आहे. पाऊस यायला अजून पंधरा दिवस आहेत म्हणतात.