दिवाणजींच्या फोनात वजन शिरेना

"वजन टाकलं का अ‍ॅप बंद पडून राहिलं." तक्रार एवढीच. कळमना मार्केटमधल्या एका अडत्याच्या दिवाणजींनी ती व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली होती, आणि ती बरेच दिवस आमच्या ऑफिसात लोळत होती.

आमचं ऑफिस म्हणजे परसोडीच्या आयटी पार्कच्या अलीकडे एका इमारतीतल्या दोन खोल्या. पत्ता सांगताना आम्ही 'आयटी पार्कजवळ' म्हणतो आणि समोरचा जो समज करून घेईल तो करून घेऊ देतो. मी तिथे नवीन होते. उमरेडची, बीएस्सी कॉम्प्युटर. घरच्यांचं आणि मैत्रिणींचं एकच, "पुण्याला जा, नागपुरात काय ठेवलंय?"

अ‍ॅप साधं होतं. सोयाबीनची गाडी उतरली की कट्टे किती, काट्यावर किलो किती, ओलावा किती आणि बोली कितीला सुटली, हे काट्याजवळच फोनमध्ये भरायचं. अ‍ॅप बारदाना वजा करून निव्वळ क्विंटल काढतं आणि आत गादीवरच्या कॉम्प्युटरवर पाठवतं, तिथून शेतकऱ्याची पट्टी निघते. इतर तिघांच्या फोनवर सुरळीत चाललं होतं, फक्त दिवाणजींचा फोन अडला होता.

ऑफिसात सगळ्यांनी आपापल्या फोनवर करून बघितलं, एम्युलेटरवर, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या नकली फोनवर बघितलं. काही होईना. एकाने तर फोनची भाषा हिंदी करूनही पाहिलं. तरी चाललं, म्हणून भाषेचा काही संबंध नाही असं ठरून गेलं. अ‍ॅप प्ले स्टोअरवर नव्हतंच, अ‍ॅप बसवायची एपीके फाइल व्हॉट्सअ‍ॅपनेच पाठवलेली, त्यामुळे कुठे काय कोसळलं याचा अहवाल घरबसल्या मिळायची सोय नव्हती. शेवटी आमचा सीनियर दादा म्हणाला, "नेटचा प्रॉब्लेम असेल, नाहीतर फोन हलका असेल. तू जाऊन बघून ये." नवीन माणसाला असली कामं मिळतात. माझ्या मते तीच घ्यावीत.

सीए रोडने, वर्धमान नगरवरून स्कूटीने कळमन्याला पोचले तेव्हा आवक जोरात होती. दिवाळीच्या आधीचे दिवस, सोयाबीनचे ढीग, गाड्यांची रांग. हवेत एवढी धूळ की लॅपटॉप उघडायला जीव होईना. सांडलेले दाणे झाडून गोळा करणाऱ्या बाया, पाठीवर कट्टा घेऊन "बाजू, बाजू" करत जाणारे हमाल, आणि काट्याशेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर दिवाणजी. धोतर-टोपी नाही हं, टेरिकॉटचा शर्ट आणि गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा.

"कंपनीनं तुलेच पाठवलं काय बेटा?" त्यांना कोणी मोठा माणूस अपेक्षित होता हे उघड होतं.

मी म्हटलं, "हो काका. एकदा करून दाखवा ना."

त्यांनी दाखवलं. कट्टे ३८. पुढे काट्यावरचे किलो. खाली निव्वळ वजन आपोआप आलं, १८.४५ क्विंटल. 'जतन करा' दाबलं आणि अ‍ॅप गायब, फोनवर नातवाचा फोटो.

"पाह्यलं? असंच होते."

शेजारी काम करणाऱ्या पोराचा फोन मी मागून घेतला. त्याच कंपनीचा, तेच मॉडेल, दोन्ही एकाच दुकानातून घेतलेले. म्हणजे 'फोन हलका' हे कारण तिथेच निकालात निघालं. नेटही दोघांना एकाच टॉवरचं. त्याच्या फोनवर तेच आकडे भरले, झटक्यात जतन झाले. मग दोन्ही फोन शेजारी शेजारी कट्ट्यावर ठेवले आणि बघत बसले. पोराच्या फोनवर निव्वळ वजन इंग्रजी आकड्यांत होतं. दिवाणजींच्या फोनवर देवनागरीत.

पोराचा फोन हिंदीत होता. दिवाणजींचा मराठीत, मुलाने घेऊन दिला तेव्हाच तसा करून दिलेला.

आता पुरावा हवा होता. फोन लॅपटॉपला जोडायचा तर आधी त्यातला डेव्हलपरचा पर्याय उघडावा लागतो. त्यासाठी सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा बोट मारायचं असतं. दिवाणजी संशयाने बघत होते. "पैशाचं काही जाणार नाही ना?" नाही म्हटलं. केबल जोडली, फोनच्या आत काय चाललंय ते दाखवणारं लॉगकॅट उघडलं, पुन्हा 'जतन करा'. लाल अक्षरांची रांग पडली आणि मधोमध ओळ: नंबर फॉरमॅट एक्सेप्शन (म्हणजे हा आकडा वाचता येत नाही), फॉर इनपुट स्ट्रिंग, आणि पुढे अवतरण चिन्हांत चक्क "१८.४५". इंग्रजीच्या त्या गर्दीत देवनागरी आकडे बघून मला हसूच आलं.

कोड जुना होता, जावा भाषेतला, लिहिणारा केव्हाच पुण्याला गेलेला. त्याने निव्वळ वजन काढलं होतं, स्ट्रिंग डॉट फॉरमॅट या आकड्याची अक्षरं करणाऱ्या फंक्शनने दोन दशांशांपर्यंत करून पडद्यावरच्या चौकटीत टाकलं होतं, आणि जतन करताना त्याच चौकटीतून पुन्हा उचलून आकडा करायला घेतलं होतं. भाषा वेगळी सांगितली नाही तर ते फॉरमॅट फोनची भाषा धरतं. अ‍ॅन्ड्रॉइड हे भाषांचे नियम युनिकोडच्या सीएलडीआर नावाच्या साठ्यातून घेतं, आणि त्यात मराठीचे नेहमीचे आकडे देवनागरी आहेत, हिंदीचे इंग्रजी. म्हणून हिंदीत करून बघणाऱ्याला काही सापडलं नाही. आणि गंमत म्हणजे कट्ट्यांचा आकडाही देवनागरीतच होता, पण तो पास होत होता. जावाचं पूर्णांक वाचणारं फंक्शन देवनागरी आकडे ओळखतं. दशांशाचं फंक्शन ओळखत नाही. ३८ कट्टे आत, १८.४५ क्विंटल बाहेर.

आम्ही ज्यात कोड लिहितो तो अ‍ॅन्ड्रॉइड स्टुडिओ त्या ओळीवर पिवळी खूण करून हेच सांगत होता, की इथे लोकेल, म्हणजे कुठल्या भाषेचे नियम धरायचे ते, दिलेला नाही, यातून चुका होतात. पण त्या प्रोजेक्टमध्ये पिवळ्या खुणा शेकड्यांनी होत्या. कोण वाचतो?

दादाला फोन लावला. तो खूश. "अरे, मग त्यांना सांग ना फोन इंग्रजीत करा म्हणून. दोन मिनिटांचं काम. निघ तिथून."

मी ते दिवाणजींना सांगितलं, जरा चाचरतच. त्यांनी चष्मा खाली घेतला.

"फोन माह्या, भाषा माही. अ‍ॅप तुमचं. मंग बदलाचं कोणी?"

मग त्यांनी जे दाखवलं ते ऑफिसात बसून मला कधी सुचलं नसतं. काट्यावर माल चढला की शेतकरी त्यांच्या खांद्यावरून फोनमध्ये वाकून बघतो. आपलं वजन काय लिहिलं ते. कुहीकडून आलेला एक म्हातारा तेव्हाही बघत होता, ओठ हलवत आकडा वाचत होता. "आमचं पुस्तक मराठी, पट्टी मराठी. त्याले जे वाचता येते तेच दिसलं पाह्यजे. नाहीतर म्हणते दिवाणजीनं काटा मारला." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. दादाला कळवलं की दुरुस्ती इथेच करते.

अडत्याच्या गादीमागे गणपतीच्या फोटोखाली एक प्लग मिळाला. बदल थोडाच होता: पडद्यावर दाखवायचं ते मराठीत दाखवा, पण जतन करायचं ते चौकटीतून परत उचलू नका, मूळ आकडाच वापरा. आणि जिथे मशीनसाठी अक्षरं करायची तिथे लोकेल डॉट यूएस स्पष्ट लिहा. अवघड होतं ते बिल्ड करणं, म्हणजे बदललेल्या कोडचं पुन्हा अ‍ॅप बनवणं. माझा लॅपटॉप आठ जीबीचा, नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटचं. अशा वेळी ग्रेडल, म्हणजे बिल्ड करणारं साधन, 'नवीन आवृत्ती आली आहे, घेऊ का' असं विचारतं. नवीन मुलांना माझं हात जोडून सांगणं आहे, बाजारात बसून हो म्हणू नका.

बिल्ड चालू असताना दिवाणजींनी चहा मागवला आणि चौकशी सुरू केली. काय शिकलं की हे येते? मी सांगितलं, कॉलेजात थोडं, बाकी गुगलच्या फुकट कोर्सवर कोटलिन ही अ‍ॅन्ड्रॉइड अ‍ॅपची भाषा शिकले. गुगलने २०१७ साली कोटलिनला मान्यता दिली आणि २०१९ पासून तीच पहिली पसंती म्हणून सांगितली, म्हणून सगळे तीच शिकतात. मुलाखतीत तेच विचारतात, आणि रुजू झाल्यावर दुसऱ्याचा जुना जावा वाचायला देतात. फ्लटर हे अ‍ॅप बनवायचं दुसरं साधन शिकू की कोटलिन, यावर मुलं रात्र-रात्र वाद घालतात. कुठलीही एक घ्या, पण दुसऱ्याने लिहिलेलं वाचायची सवय लावा, कारण पहिलं वर्ष त्यातच जातं. हे अर्थात दिवाणजींना नाही सांगितलं.

त्यांना सांगितलं ते माझ्या स्वतःच्या अ‍ॅपबद्दल. मेसचे खाडे मोजायचं अ‍ॅप, नोकरी मागताना दाखवायला काहीतरी हवं म्हणून केलेलं. प्ले स्टोअरची नोंदणी २५ डॉलर, एकदाच. अ‍ॅपलवाले दर वर्षी ९९ घेतात, त्या वाटेला गेलेच नाही. पण नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना गुगलने अट घातली: आधी २० जणांनी सलग १४ दिवस चाचणीत राहायला हवं. डिसेंबर २०२४ मध्ये ती अट १२ जणांवर आली, मला मात्र २०च जमवावे लागले. नंदनवनच्या होस्टेलच्या पोरींना रोज विनवत होते, "बाई गं, वापरू नको, पण काढून टाकू नको."

"आन पगार किती देते?"

सांगितला. दिवाणजींनी चहाचा कप खाली ठेवला. "एवढा तर आमचा हमाल सीझनला चार आठवड्यात उचलते." मग माझा चेहरा बघून, "वाढंल, वाढंल" असंही म्हणाले.

एपीके तयार झालं, केबलने त्यांच्या फोनवर टाकलं. ३८ कट्टे, १८.४५, जतन. झालं! हमालांनीही मान वर करून बघितलं. पण आत गादीवर नोंद पोचेना. फोनमध्ये दिसत होती, सर्व्हर परत पाठवत होता. यावेळी फार शोधावं लागलं नाही. तारीखही त्याच पद्धतीने अक्षरांत होत होती, तीही देवनागरीत जात होती, आणि सर्व्हरला ती तारीख वाटतच नव्हती. ती ओळ बदलली, पुन्हा बिल्ड, पुन्हा चहा. संध्याकाळी मार्केट रिकामं होत आलं तेव्हा दिवाणजींच्या फोनवरची पहिली पट्टी गादीवरच्या प्रिंटरमधून निघाली. त्यांनी ती प्रिंटरजवळ उभं राहून वरून खालपर्यंत तपासली, पेन काढून तोलाईचा आकडा हाताने पुन्हा केला, बरोबर निघाला, तेव्हा कुठे शेतकऱ्याच्या हातात दिली.

मला वाटलं होतं ऑफिसात कौतुक होईल. दादा म्हणाला, "एवढ्यासाठी अख्खा दिवस?" सरांनी बिलात 'साइट व्हिजिट' लावता येईल का ते विचारलं.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसच्या चाचणीच्या फोनची भाषा मराठी केली आणि आमची बाकीची अ‍ॅप्स एकेक करून उघडली. शाळेच्या फीचं अ‍ॅप पावती करताना बंद पडलं. दवाखान्याच्या नंबरांचं अ‍ॅप तारखेवर अडलं. सर म्हणाले, त्यांच्याकडून तक्रार आली का? आल्यावर बघू. फीचं मी जेवणाच्या सुट्टीत नीट करून ठेवलं. दवाखान्याच्या अ‍ॅपचा सोर्स कोड नक्की कोणाच्या लॅपटॉपवर आहे, ते आम्ही अजून शोधून राहिलो आहोत.