प्रोपेनचा एसी उतरवताना: माझा अनुभव

ठाण्याच्या नौपाड्यातली एक जुनी सोसायटी पुनर्विकासाला गेली. घरं रिकामी व्हायला लागली तशी एसी उतरवायची कामं आमच्याकडे एकामागून एक आली. बहुतेक एसी आर-२२ किंवा आर-३२ या गार करणाऱ्या गॅसचे. तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरात मात्र आउटडोअरच्या पत्र्यावर ज्वाळेची खूण होती आणि खाली छापलेलं होतं: आर-२९०, ३४० ग्रॅम. म्हणजे प्रोपेन. स्वयंपाकाच्या गॅसमध्ये ब्युटेनसोबत असतो तोच. पण घरगुती गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो आणि एसीतल्या प्रोपेनला सहसा तो नसतो. गळला तरी नाकाला पत्ता लागत नाही.

कॉम्प्रेसर जळालेला होता, त्यामुळे पंप डाउन, म्हणजे एसी चालवून सगळा गॅस आउटडोअरमध्ये ओढून कोंडणं, शक्य नव्हतं. ‘जळका एसी आहे, फ्लेअर नट सैल कर आणि दे सोडून’ म्हणजे पाइपाच्या जोडाचा नट सैल करून गॅस हवेत जाऊ दे, हा सल्ला मला जिन्यातच मिळाला. आमच्या धंद्यात हे सर्रास चालतं आणि ते मला मुळीच पटत नाही. बरोबरच्या पोराला मी तिथेच हिशेब करायला लावला. खोली १० बाय १०, उंची ९ फूट, म्हणजे साधारण २५ घनमीटर. एक घनमीटर हवेत ३८ ग्रॅमच्या आसपास प्रोपेन झाला की तो पेटू शकतो. ३४० ग्रॅम खोलीभर सारखा पसरला तर घनमीटरला १३-१४ ग्रॅम येतो, म्हणजे काळजी नाही. पण हा गॅस हवेच्या जवळपास दीडपट जड, तो खाली बसतो. खालच्या तीन फुटांतच राहिला तर तोच आकडा ४० वर जातो.

‘दादा, म्हणजे पुरेसा आहे,’ पोरगं म्हणालं. पुरेसा होता. आणि त्याच उंचीवर प्लगची सॉकेटं होती, बाजूच्या खोलीत फ्रिज चालू होता, आणि बैठ्या देवघरात समई तेवत होती.

समई शांत करा म्हणायला जीभ रेटेना. काकूंचं घर सुटत होतं, त्या दिवशी त्यांना ती तेवत ठेवायची होती. मी गॅसचं सगळं नीट समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि हाताचा आडोसा करून ती समई, ज्योत तशीच सांभाळत, समोरच्या विंगमध्ये जाऊबाईंकडे नेऊन ठेवली. पाऊस होता तरी बाल्कनीच्या काचा पूर्ण सरकवल्या. फ्रिज बंद केला, पंखा आधीच लावून ठेवला आणि काम संपेपर्यंत कुठल्याही बटणाला हात लावायचा नाही असं घरात सगळ्यांना सांगितलं.

एसीचा एमसीबी पाडला, आउटडोअरचा कपॅसिटर डिस्चार्ज केला. गॅस डिटेक्टर जमिनीवर ठेवला, कारण गॅस तिथेच आधी सापडतो. पावडरचा अग्निशामक दाराशी. एसीतला गॅस ओढून सिलिंडरमध्ये भरणारं रिकव्हरी मशीन ज्वलनशील गॅससाठी बनवलेलंच हवं. साध्या मशीनमधल्या रिलेची किंवा स्विचची ठिणगी पुरते. त्याची वायर लांब पॅसेजमधल्या बोर्डावर नेली, म्हणजे एसीजवळ प्लग काढ-घाल नको.

सिलिंडरचं बरेच जण विसरतात. आत हवा राहायला नको, म्हणून तो आधी व्हॅक्यूम केलेला होता, वर आर-२९० लिहिलेलं, आणि त्यात दुसरा कुठलाही गॅस कधी भरलेला नव्हता. प्रोपेनचा द्रव हलका असतो. ज्या सिलिंडरमध्ये १० किलो आर-२२ बसतो, त्यात प्रोपेन ४ किलोच्या आसपासच भरायचा. नेहमीच्या सवयीने वजनकाट्यावरचा आकडा गाठायला गेलात तर सिलिंडर द्रवाने काठोकाठ भरेल, आणि तो तापला की फुटायची भीती.

गेजचा काटा शून्याखाली गेल्यावर पोरगं होज काढायला निघालं. त्याला थांबवलं. मशीन बंद करून नुसतं बघत बसलो. काटा हळूहळू पुन्हा वर चढला. कॉम्प्रेसरच्या तेलात मुरलेला प्रोपेन सावकाश सुटत होता. पुन्हा ओढला, पुन्हा थांबलो, काटा खालीच राहीपर्यंत. सिलिंडरच्या वजनकाट्यावर ३१० ग्रॅम आले. मग उरलासुरला गॅस झटकायला पाइपांत नायट्रोजन भरला, लांब होजने खिडकीबाहेर सोडला, व्हॅक्यूम केलं आणि परत नायट्रोजन. इथे ऑक्सिजन किंवा कॉम्प्रेसरची हवा चुकूनही नाही. पाइप ट्यूब कटरने कापले, टॉर्च पेटवलाच नाही.

फ्रिजमधल्या आर-६००ए चे (आयसोब्युटेन, हाही पेटणारा गॅस) पन्नास-साठ ग्रॅम लांब नळीने मोकळ्या हवेत सोडायची मुभा काही ठिकाणी दिलेली असते. प्रोपेनने पृथ्वी फारशी तापतही नाही, आर-२२ त्यापेक्षा शेकडो पटीने वाईट. तरी इथे मी ते केलं नसतं. या इमारतीच्या डक्टमध्ये खालच्या मजल्यांची स्वयंपाकघरं उघडतात, गॅसचे गीझर लागलेले आहेत. जड गॅस तिकडेच उतरणार.

भंगारवाला खाली टेम्पो घेऊन उभा होता. तो कॉम्प्रेसर गॅस कटरने कापतो हे मला ठाऊक होतं, आणि कितीही ओढलं तरी तेलात थोडा प्रोपेन उरतोच. म्हणून तांबं आणि पत्रा त्याला दिला, कॉम्प्रेसर नाही. त्यावर मार्करने ‘आर-२९०, आत तेल आहे, आच लावू नये’ असं लिहिलं आणि तो नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे पाठवला. २०२२ च्या ई-कचरा नियमांत एसी आणि फ्रिज येतात, हे सोसायटीच्या सेक्रेटरींना सांगितल्यावर त्यांनी बाकीच्या घरांतल्या जुन्या फ्रिजची यादी करायला घेतली. त्यांतही ज्वाळेची खूण असलेले आधी बाजूला काढा, असं त्यांना सांगून ठेवलं आहे.