सीपॅप, उघडं तोंड आणि डब्यातून गायब झालेली दोन कुशनं

झोपेत तोंड उघडं पडतं, ही एवढीशी तक्रार घेऊन मी अकरा आठवडे फिरले. त्यातले सात एकाच दुकानाने खाल्ले. राग अजून गेलेला नाही, तेव्हा वाचताना तेवढा वजा करून वाचा.

मी ठाण्यात वर्तकनगरच्या बाजूला राहते, नौपाड्यातल्या एका पतसंस्थेत हिशेब बघते. वय 51. घोरणं जुनंच, पण बाईच्या घोरण्याबद्दल घरात कुणी बोलत नाही. आमचे हे रात्री गुपचूप उशी उचलून हॉलमध्ये जायचे आणि सकाळी म्हणायचे, "मॅच बघता बघता तिथेच डोळा लागला." मॅच नसेल त्या दिवशीही. शेवटी दुपारी व्हाउचर तपासताना हातातून पेन गळायला लागलं तेव्हा डॉक्टर गाठले. घरीच रात्रभर यंत्र लावून स्लीप स्टडी झाली. एएचआय 34, म्हणजे तासाला सरासरी 34 वेळा श्वास थांबतो किंवा अडतो. 30 च्या वर गेलं की गंभीर धरतात. सीपॅप, म्हणजे झोपेत मास्कमधून दाबाने हवा देणारं यंत्र, लिहून दिलं, पंधरा दिवसांत मशीन घरी आलं. इथपर्यंत कुणी छळलं नाही.

पहिल्या रात्री तीनला जाग आली. जीभ टाळूला चिकटलेली, ओठ पापडासारखे. तांब्याभर पाणी प्यायले. सकाळी मशीनच्या पडद्यावर मास्कच्या चित्राशेजारी रडका चेहरा आणि लीक 41. लीक म्हणजे मास्कच्या कडेने किंवा तोंडातून वाया जाणारी हवा; माझ्या मशीनला मिनिटाला 24 लिटरपर्यंत लीक चालते. दुसऱ्या रात्री 38, तिसऱ्या रात्री 44. सवयीने मी वही घातली: तारीख, तास, लीक, एएचआय, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात आठवडाभर एकच शब्द, "तोंड".

मला नाकपुड्यांना टेकणारा मास्क दिला होता, ज्याला नेझल पिलो म्हणतात. दोन मऊ बोंडं, बाकी चेहरा मोकळा. सीपॅप हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवतं. दाब नाकातून आत जातो. तोंड उघडलं की तिथूनच बाहेर पडतो, घशापर्यंत काही उरत नाही. पंक्चर ट्यूबमध्ये हवा भरत बसण्यातला प्रकार. माझं मशीन ऑटो, ते बिचारं श्वास अडतोय असं बघून दाब आणखी वाढवतं, मग आणखी हवा तोंडातून. त्यात नाकातून आत आणि तोंडातून बाहेर असा वारा रात्रभर वाहिला की नाकाचं अस्तर सुकतं, सुजतं, नाक चोंदतं. नाक चोंदलं की तोंड आणखी उघडतं. एवढं पहिल्याच आठवड्यात कुणी सांगितलं असतं तर हा लेख झालाच नसता.

मशीन ज्या दुकानाने दिलं त्याचं नाव लिहीत नाही. त्यांचा टेक्निशियन आला, वीसेक वर्षांचा, गोड बोलणारा. मास्कच्या पट्ट्या ओढल्या, नळी हलवून बघितली, "मशीन ओके आहे मॅडम" म्हणाला. मी म्हटलं, मशीनबद्दल मी काही बोललेच नाही, तोंड उघडतं. "मग चिन स्ट्रॅप घ्या मॅडम." साडेनऊशे रुपये. हनुवटीखालून डोक्यावर जाणारा पट्टा. आरशात बघितलं तर दाढ दुखणाऱ्या माणसाच्या व्यंगचित्रासारखी दिसत होते. पट्ट्याने जबडा वर राहिला, पण ओठ कुठे बांधले जातात? हवा ओठांच्या कोपऱ्यातून फुर्र फुर्र निघायला लागली. हे म्हणाले, "टांगेवाल्याचा घोडा आणून बांधलाय असं वाटतं." लीक 33.

पुन्हा फोन. साहेब बाहेर आहेत. पुन्हा फोन. साहेब मीटिंगमध्ये आहेत. चौथ्या दिवशी साहेब भेटले. "मॅडम, तुम्ही माउथ ब्रीदर आहात. तुम्हाला फुल फेसच लागणार." नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा मास्क, साडेसात हजार. मी विचारलं, आधीचा परत घ्याल का? "उघडलेला मास्क परत होत नाही मॅडम, हायजिन असतं." फुल फेसचा कोणता साइज? "मीडियम. सगळ्यांना मीडियमच बसतो."

माझा चेहरा लहान आहे. चष्म्याच्या दुकानात मला मुलांच्या रॅककडे पाठवतात. ते मीडियम धूड माझ्या हनुवटीखाली उतरलं आणि वर डोळ्यांत वारा सोडायला लागलं. पट्ट्या आवळल्या तर नाकाच्या हाडावर लाल वळ, सकाळी काउंटरवर दोन खातेदारांनी विचारलं, "मॅडम, पडलात का?" शिवाय हा मास्क आवळला की हनुवटी मागे ढकलली जाते, जे घशाला नकोच असतं. लीक 52. शेऱ्याच्या रकान्यात मी पहिल्यांदा "तोंड" ऐवजी दुसरं काही लिहिलं, ते इथे देत नाही.

डॉक्टरांना फोन केला तर "मास्कचं डीलरला विचारा". डीलर म्हणे, "प्रेशरचं डॉक्टरांना विचारा." मी मधे, वही घेऊन. मशीनमध्ये एक छोटं कार्ड असतं, त्यात कोणत्या मिनिटाला किती लीक झाली ते सगळं साठतं. ते कार्ड मी दुकानात तीनदा नेलं. तिन्ही वेळा "सॉफ्टवेअरवाला आज नाही". तिसऱ्यांदा भर पावसात, तीन हात नाक्याच्या कोंडीत पाऊण तास रिक्षात बसून.

त्या रात्री चिडून पहिल्या मास्कचा रिकामा डबा माळ्यावरून काढला. बिल आत आहे का बघायला. बिल नव्हतं. पण डब्याच्या बाजूला बारीक अक्षरात आत काय काय आहे ते छापलं होतं: मास्क, पट्टा, आणि कुशन (म्हणजे नाकपुड्यांना टेकणारा तो मऊ बोंडांचा भाग) स्मॉल, मीडियम, लार्ज, प्रत्येकी एक.

माझ्या डब्यातून एकच निघालं होतं. मीडियम.

मी पतसंस्थेत सव्वीस वर्षं पावत्या जुळवतेय. तीन लिहिलेत आणि एकच हाती आलंय, याला आमच्याकडे जो शब्द आहे तो सगळ्यांना माहीत आहे. दुसऱ्या दिवशी हाफ डे टाकून डबा घेऊन दुकानात गेले. साहेब होते. डबा काउंटरवर ठेवला, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि काही बोलले नाही. त्यांनी वाचलं. टेक्निशियन मुलाकडे बघितलं. मुलगा माझ्याकडे बघत होता. "पॅकिंगमध्ये राहिलं असेल मॅडम." मी म्हटलं, पॅकिंगचं सील तुमच्याच माणसाने माझ्या घरी येण्याआधी फोडलेलं होतं, मला वाटलं तशीच पद्धत असेल. मग भिंतीवरच्या रॅककडे बघितलं. तिथे छोट्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत सुटी कुशनं टांगलेली, प्रत्येकीवर हाताने लिहिलेला भाव.

त्यांनी एक स्मॉल काढून दिलं. लार्जही मागितलं. लागणार नव्हतं, पण माझं होतं.

स्मॉल नाकपुड्यांत नीट बसलं. मीडियमची बोंडं रुंद, ती नाकपुड्या दाबून अर्ध्या बंद करत होती आणि कडेने शिट्टी वाजत होती. लीक 41 वरून 29 वर. एका रात्रीत. सात आठवडे मी "माउथ ब्रीदर" म्हणून हिंडले आणि निम्मा दोष दोन मिलिमीटर सिलिकॉनचा होता.

उरलेला निम्मा नाकाचा. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे मी स्वतःच गेले, कुणी पाठवलं नाही. पाच मिनिटांत त्यांनी दुर्बीण घालून सांगितलं की नाकातलं मांस सुजलंय, पडदा किंचित वाकडा आहे. मग विचारलं, "कोणते ड्रॉप्स घालता?" मी प्रामाणिकपणे केमिस्टने दिलेली बाटली दाखवली. ऑक्सिमेटाझोलिन. नाक लगेच मोकळं करणारे थेंब, मी महिनाभर रोज रात्री घालत होते. त्यांनी बाटली टेबलावर आडवी ठेवली आणि म्हणाले, "हीच तुमचं नाक बंद करतेय." हे आणि झायलोमेटाझोलिन तीन-चार दिवसांच्या वर घातलं तर औषध उतरल्यावर नाक आणखी चोंदतं, मग पुन्हा थेंब, पुन्हा चोंदणं. ते बंद केल्यावरचे पाच दिवस भयंकर गेले. त्यांच्या जागी स्टिरॉइडचा स्प्रे दिला. तो लगेच काम करत नाही, आठवडा-दोन आठवडे धीर धरावा लागतो. उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्याने उजव्या, म्हणजे फवारा मधल्या पडद्यावर न बसता बाहेरच्या बाजूला जातो. हेही त्यांनीच करून दाखवलं.

जलनेती मी वीस वर्षांपूर्वी नौपाड्यात घंटाळी मित्र मंडळाच्या योगवर्गात शिकले होते आणि पार विसरले होते. नेतीपात्र देवघरामागे सापडलं. पाणी उकळून कोमट केलेलं, थोडं मीठ. नळाचं थेट घालू नका. घोडबंदर रोडवर मेट्रोचं काम चालू असताना त्या बाजूला कामानिमित्त रोज जायचे, तेव्हाची धूळ या नाकात अजून असेल असं मला उगाच वाटतं.

ह्युमिडिफायर! हे आधी सांगायला हवं होतं. मशीनला पाण्याची टाकी असते, ती हवा गरम आणि ओलसर करते. दुकानाच्या त्या गोड बोलणाऱ्या मुलाने ती 1 वर ठेवून दिली होती आणि मी तिला हात लावला नव्हता. 4 वर नेली आणि तीनला उठून तांब्या शोधणं थांबलं. ओलसर हवेने नाक सुजत नाही आणि वर सांगितलेलं चक्र तिथेच तुटतं. एसी लावत असाल तर नळीत पाणी साठून नाकात थेंब उडतो. मी जुन्या सुती ओढणीची खोळ शिवून नळीला घातली. टाकीत डिस्टिल्ड वॉटर, रोज बदलून.

तोंडाला चिकटपट्टी लावायचं मी एकदाच केलं, भाच्याने पाठवलेलं रील बघून. कागदी मायक्रोपोर, ओठांच्या मधोमध उभी पट्टी. नाक तेव्हा बंद होतं. दोन वाजता गुदमरून उठले, पट्टीबरोबर ओठाची सालही आली. नाक बंद असताना, सर्दीत, उलटीसारखं वाटत असताना किंवा झोपेची गोळी घेतली असताना हे करू नका, आणि इतर वेळीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

त्यापेक्षा जिभेचं जमतं का बघा. टांगेवाला घोड्याला हाकताना "टक्" करतो, त्या "टक्"च्या क्षणभर आधी जीभ टाळूला जशी चिकटलेली असते तशी ठेवून झोपायचं. जिभेचं टोक "न" म्हणताना लागतं त्या जागी, बाकी जीभ वर ओढलेली. जिभेमागून तोंडाकडे जाणारा रस्ता बंद होतो. पहिले काही दिवस दिवसा टीव्ही बघताना सराव केला. झोपेत ती जागेवर राहते की नाही हे मला कळायचा मार्ग नाही, पण वहीतले आकडे उतरले.

रात्री चेहऱ्याला कोल्ड क्रीम लावून मास्क घालू नका, सिलिकॉन घसरतं. कुशन रोज सकाळी साध्या साबणाने धुवायचं. आणि मास्कला मुद्दाम ठेवलेली बारीक छिद्रं असतात, तुम्ही सोडलेला श्वास बाहेर जाण्यासाठी. तिथून फुस्स येतं ते लीक नव्हे. आमच्या ह्यांनी एकदा मला बरं वाटावं म्हणून ती सेलोटेपने बंद केली होती. वेळीच बघितलं.

फुल फेसला मी शिव्या दिल्या, पण ज्यांचं नाक खरोखर उघडतच नाही त्यांना तोच लागतो. फक्त आधी नाक कुणीतरी बघितलेलं असू दे. सीपॅपची सुरुवातच मुळी नाकाने झालीय. 1981 साली सिडनीत कॉलिन सुलिवन आणि सहकाऱ्यांनी पाच रुग्णांवर हा उपाय दाखवला तेव्हा हवा नाकातूनच दिली होती. सुरुवातीच्या यंत्रांत व्हॅक्यूम क्लीनरची मोटर वापरत, हे वाचून दाखवल्यावर हे म्हणाले, "म्हणजे तो आवाज जुन्या घोरण्याचा नव्हे, यंत्राचाच वारसा आहे." मी पट्टा फेकून मारला. चिन स्ट्रॅपचा तेवढाच उपयोग.

आता लीक 8 ते 12, एएचआय 2.8 च्या आसपास. सर्दी झाली की लीक अजूनही वीसच्या वर जाते. हे बेडरूममध्ये परत आलेत. मॅच मात्र हॉलमध्येच बघतात.

मागच्या महिन्यात नवा मास्क घ्यायची वेळ आली. दुसऱ्या दुकानात गेले, स्टेशनच्या बाजूला. मालकीणबाईंनी डबा पुढे सरकवला. मी तिथेच उघडला आणि मोजली. तीन होती. त्या म्हणाल्या, "अहो ताई, मोजताय काय? सील होतं की." मी म्हटलं, सवय आहे.