वासोटा: पहिल्या बोटीने जाणार असाल तर हातात काठी घ्या

नोव्हेंबरात वासोटा किल्ला केला. साताऱ्याहून कासमार्गे बामणोली, वनखात्याचा परवाना, मग कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयातून दीडेक तास बोट. हे सगळीकडे लिहिलेलं सापडेल. मी सांगतोय ते पुढच्या जंगलाचं.

पहिली बोट आमची, म्हणजे त्या दिवशी वाटेवर पहिली पावलं आमची आणि सगळ्यांच्या पुढे मी. (हौस, दुसरं काय!) ओढा ओलांडून पंधरा मिनिटं झाली असतील, कपाळाला काहीतरी अडलं. घरातल्या जळमटासारखं मऊ नव्हे, शिलाईच्या दोऱ्यासारखं; ताणलं आणि तट्कन तुटलं. वर बघतो तर नाकापासून वीतभरावर कोळीण. पाय धरून माझ्या पंजाएवढी, काळी, अंगावर पिवळे पट्टे. मी असा ओरडलो की मागच्यांना गवाच आला वाटलं.

वाटाडे मामा शांतपणे म्हणाले, "काय करत न्हाय ती. तुमीच तिच्या दारात घुसलाय."

ही जायंट वुड स्पायडर. उन्हाची तिरीप आली तसं जाळं पिवळंधमक चमकलं. तिच्या वरच्या बाजूला तांबूस ठिपका दिसला, तो नवरा, जेमतेम पाच-सहा मिलिमीटरचा! दोन्हीकडे झाडी आणि मधे मोकळी वाट, किडे तिथूनच उडणार. म्हणून जाळं नेमकं आपल्या तोंडासमोर. बागेतले बरेच कोळी रोज नवं जाळं विणतात, ही मात्र जुनंच डागडुजी करून वापरते. त्यामुळे काठीने झाडून वाट साफ करू नका.

काठी तोंडासमोर उभी धरून चाला, दोरा आधी तिला लागतो. कोळीण जाळ्याच्या वरच्या भागात बसते, तेव्हा वाकून खालून निघा. चढावर फांदी बघितल्याशिवाय धरायची नाही. चिमटीत सापडली तर चावते, दुखतं, पण माणसाच्या जिवाला धोका नाही. पुढे झापड असलेली टोपी घालाच. फारच भीती वाटत असेल तर दुसऱ्या बोटीने या, तोवर आमच्यासारख्यांनी तोंडाने वाट झाडलेली असते. पावसाळ्यात वासोटा बंद असतो आणि तो उघडतो तेव्हाच या बायका भरात असतात, त्यामुळे गाठ टळणं कठीण.

उतरताना त्याच जागी थांबलो. जाळ्याची एक बाजू अजून लोंबत होती आणि ती वर तशीच बसलेली. मी कमरेत वाकलो. मामा मागून हसले, "आता कसं, पावण्यागत!"