पोरांचं आधी काढून ठेवा

अमेरिकेतून नातवंडं येणार म्हटलं की कोल्हापुरातल्या घरात दोन याद्या होतात. एक बाजाराची. दुसरी कागदावर येत नाही. ही पोरं काय काय खाणार नाहीत, त्याची. माझ्या माहेरी, शिवाजी पेठेत, ती फोनवरच सुरू होते. "तिखट चालतंय काय गं त्यांना? का आपलं नूडल्सच आणून ठेवू?" आईच्या आवाजात काळजी असते आणि थोडी चाचपणीही.

आम्ही ओहायोत, कोलंबसला राहतो. शाळांना नाताळाची सुट्टी लागली की इकडं यायचं, असं ठरूनच गेलंय. लेक नऊ वर्षांची, तिचं बरं आहे. मुलगा पाच वर्षांचा. भाताला आमटी लागलेली चालत नाही, बटाट्यावर कोथिंबीर दिसली की ताट परत. साधारण दोन ते सहा या वयात मुलं नवा पदार्थ तोंडात घालायला सगळ्यात जास्त बिचकतात, असं तज्ज्ञ सांगतात. ऐकून बरं वाटतं. पण घरात तीस माणसं जेवायला यायची असतात तेव्हा आत्तीला हे कोण सांगणार?

तिकडच्या सणाचं जेवण आधी सांगते. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग असतं. सात किलोचा गोठवलेला टर्की फ्रिजमध्ये ठेवून वितळायलाच तीन-चार दिवस जातात, आणि भाजताना आत थर्मामीटर खुपसून ७४ अंश सेल्सिअस झालंय का ते बघायचं. टेबलावर कुस्करलेला बटाटा, क्रॅनबेरीची आंबटगोड चटणी, पावाचं स्टफिंग, फरसबीचा कॅसरोल, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेली दाटसर भाजी. हा कॅसरोल आजीच्या आजीपासून आला असावा अशा भक्तीनं वाढतात. प्रत्यक्षात तो १९५५ साली कॅम्पबेल या सूप कंपनीच्या स्वयंपाकघरात डॉर्कस रायली यांनी बसवला, मश्रूम सूपचा डबा वापरून. परंपरा व्हायला फार वेळ लागत नाही. मुलं मात्र त्याला हात लावत नाहीत. त्यांचं टेबल निराळं, तिथं मऊ पाव आणि मॅकरोनी-चीज.

पण मला तिथली एक गोष्ट आवडते. सगळं साधं शिजवून वेगवेगळ्या भांड्यांत ठेवलेलं असतं, ग्रेव्हीसुद्धा बाजूला. ज्याला जे हवं ते त्यानं घ्यावं. आणि कुणाच्या पोरानं नुसता पाव खाल्ला तर कुणी बोलत नाही. पहिल्या वर्षी मला हे कोरडेपणाचं वाटलं होतं. नंतर एलिन सॅटर या अमेरिकी आहारतज्ज्ञ बाईंचं सूत्र ऐकलं: काय शिजवायचं, कधी आणि कुठं जेवायचं ते मोठ्यांनी ठरवावं, त्यातलं खायचं की नाही आणि किती, ते मुलानं ठरवावं.

आता हे सूत्र घेऊन कोल्हापुरात या. इथं ताटात वाढलेलं कमी पडलं तर यजमानाला लाज आणि उरलं तर पाहुण्याला. "एवढंसं खाऊन काय होतंय? घे की आणि एक घास. बघ, काऊ आला." आमची थोरली आत्ती तर पोराच्या तोंडासमोर घास धरून बसते, आणि तो मान फिरवेल तिकडं हात फिरवते. यात प्रेमच आहे, दुसरं काही नाही. पण घास जितका मागं लागतो तितकं तोंड घट्ट मिटतं, हे मी दोन्ही देशांत पाहिलंय.

तरीही यावर तोड निघाली ती आत्तीच्याच स्वयंपाकात.

मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार उरकला की रविवारी मटण, हे आमच्या घरी ठरलेलं. त्यासाठी दादा सकाळी सातलाच दुकानात. मटणाच्या बाबतीत कोल्हापूरकर कुणावर विश्वास टाकत नाही. कुठला भाग, नळ्या किती, चरबी किती, हे समोर उभं राहून ठरतं. २०१९ च्या डिसेंबरात मटणाचा दर वाढला म्हणून इथं आंदोलन झालं होतं, ते बाहेरच्यांना विनोदी वाटलं. आम्हाला नाही वाटलं.

मटण आलं की धुऊन त्याला हळद, मीठ आणि आलं-लसूण-कोथिंबिरीचं वाटण लावून तासभर ठेवायचं. मोठ्या पातेल्यात थोड्या तेलावर कांदा, त्यावर मटण. वर खोलगट ताट, ताटात पाणी. मटणाला आपलं पाणी सुटतं, ताटातलं पाणी तापलं की ते आत सोडायचं, पुन्हा ताट भरायचं. आत्तीला कुकर चालत नाही. "शिट्टीचं मटण दवाखान्यात न्यायला," हे तिचं मत. तासा-दीड तासानं मटण बोटानं दाबलं की हाडापासून सुटतं, आणि पातेल्यात वर पिवळसर तवंग असलेलं पाणी राहतं. हे अळणी.

याच टप्प्याला आत्ती ओरडते, "पोरांचं आधी काढून ठेवा गं!" कोल्हापुरातल्या कितीतरी घरांत हे असंच चालतं, त्यात नवल काही नाही. पण मी इतकी वर्षं तिकडं राहून, मुलांसाठी वेगळा पास्ता उकडून, मग एकदम मला दिसलं की आपल्या बायकांनी हा प्रश्न केव्हाच सोडवून ठेवलाय. वेगळं काही शिजवायचं नाही. एकाच पातेल्यातलं, मसाला पडायच्या आधी, मुलांच्या वाट्याचं बाजूला काढायचं. अळणीतले मऊ तुकडे, वरचं पाणी, थोडा मऊ भात, तुपाचा थेंब. आमच्या घरी भात आजरा घनसाळचा. दाणा बारीक, वास असा की भाताच्या आधी तोच ताटात येतो. त्या भातावर माझा मुलगा पहिल्यांदा तक्रार न करता जेवला.

मग उरलेल्या अळणीचे दोन भाग. एकाचा पांढरा रस्सा, एकाचा तांबडा. पांढऱ्यासाठी भिजवलेले काजू, खसखस आणि पांढरे तीळ गंधासारखे बारीक वाटायचे. तुपात लवंग, दालचिनी, वेलदोडे, मिरी तडतडली की हे वाटण, मग अळणी. हिरवी मिरची वाटणात घालायची नाही, उभी चीर देऊन अख्खीच सोडायची. मुलांची वाटी भरायच्या आधी चिमट्यानं उचलता येते. नारळाचं दूध सगळ्यात शेवटी, गॅस बारीक करून. इथून पुढं पातेल्याजवळून हलायचं नाही. खळखळून उकळी आली की पांढरा फाटतो, वर तेलाचे डोळे आणि खाली चोथा. वहिनी पळी फिरवत उभी असते आणि दारातून कुणी हाक मारली तरी "आलो आलो" म्हणते, येत काही नाही. तिकडं डब्यातलं नारळाचं दूध वापरते मी; त्यात बहुतेक वेळा गवार गम असतो, म्हणून ते सहसा फाटत नाही. चव मात्र डब्याचीच.

तांबड्यात चटणी. कोल्हापुरात चटणी म्हणजे उन्हाळ्यात डंकावर कुटून आणलेलं, कांदा-लसूण आणि मसाल्यांचं ते लाल प्रकरण, हे घरच्यांना सांगायची गरज नाही. भाजलेलं सुकं खोबरं, तीळ, कांदा आणि ती चटणी तेलात पडली की गल्लीच्या टोकापर्यंत ठसका जातो.

आता मुलाच्या बाजूनं बघा. अळणीची चव त्याच्या ओळखीची झालेली. पांढऱ्यात तीच चव, फक्त दाट आणि गोडसर. तांबड्यातही मुळात तीच, वर जाळ. म्हणजे नवा पदार्थ तीनदा समोर आला, पण एकदाही पूर्ण अनोळखी नव्हता. मुलांनी एखादा पदार्थ आपला म्हणायला तो आठ-दहा, कधी पंधरा वेळाही समोर यावा लागतो, असं अभ्यासांतून दिसलंय. तिकडं ब्रोकोली पंधरा वेळा ठेवायचा धीर माझ्यात नाही. इथं एका रविवारी तीन वेळा होऊन जातं.

शिवाय आपलं ताटही कामाला येतं. माझ्या मुलाला एकात एक मिसळलेलं चालत नाही, आणि वाट्या तर वेगळ्याच असतात. पांढरा त्यानं भाताला लावू दिला नाही, सूप म्हणून वाटीनं प्यायला. दुसरी वाटी मागितली. आत्तीनं घास धरायला हात उचलला, तेवढ्यात वहिनी म्हणाली, "राहू दे आत्ती, मी वाढतो की त्याला, मागंल तसं." आत्तीनं हात खाली घेतला. ती संध्याकाळपर्यंत रुसली होती, ते वेगळं.

सगळ्यात मोठा फरक पडला तो भावंडांनी. दादाचा मुलगा, सातेक वर्षांचा, तांबड्यात भाकरी बुडवून नाक पुसत भुरके मारत होता. त्याच्याकडं बघून माझ्या पोरानंही भाकरीचा कोपरा बुडवला. जीभ बाहेर, डोळ्यांत पाणी. इथं लोक तांब्याभर पाणी पुढं करतात, त्यानं काही होत नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. दूध किंवा दही द्यावं. दूध कोल्हापुरात कमी नाही. गंगावेशीत तर संध्याकाळी म्हैस समोर उभी करून पेला भरून देतात. पोरानं दूध प्यायलं, तांबडा रस्सा लांब सरकवला, आणि त्या दिवसानंतर त्याचं नाव काढलं नाही. लेकीनं मात्र दुसऱ्या दिवशीची शिळी भाकरी त्याच रश्शात कुस्करून खाल्ली. दोन पोरं एका घरातली, पण जिभा दोन.

शाकाहारी दिवसांनाही हाच हिशेब चालतो. अख्खा मसूर शिजला की फोडणीच्या आधी वाटीभर काढा. पुरणाची डाळ शिजली की गूळ घालायच्या आधी चार चमचे काढा, मऊ भातात मीठ-तूप घालून कालवा. कारल्याला मात्र यातलं काही लागू नाही.

आणि गुऱ्हाळ. डिसेंबरात गावाकडं गुऱ्हाळं सुरू असतात. मामांच्या गावी नेलं पोरांना. काहिलीत उसाचा रस उकळत होता, एक जण भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालून वर आलेली मळी झाऱ्यानं काढत होता. लेक म्हणाली, हे तर आमच्या शाळेच्या सहलीसारखं. ओहायोत फेब्रुवारी-मार्चमध्ये मेपलच्या झाडांचं पाणी गोळा करून असंच आटवतात. साधारण चाळीस गॅलन पाण्याचं एक गॅलन सिरप होतं. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, वगैरे मी सांगत होते, कुणी ऐकत नव्हतं. दोघं काकवीत बोटं बुडवत होते. तेव्हापासून मुलगा ज्वारीची भाकरी खातो, पण काकवीशीच. आई म्हणते, गोडाचं वेड लावलंस. मी म्हणते, भाकरी तर पोटात गेली.

तिकडं परत गेल्यावर थँक्सगिव्हिंगला टर्कीच्या शेजारी आम्ही पांढरा ठेवतो. शेजाऱ्यांची मुलं पितात, पण आधी त्यांच्या आयांना विचारावं लागतं. काजू आणि तीळ दोन्हींची अ‍ॅलर्जी असलेली मुलं आहेत. अमेरिकेत २०२३ पासून पाकिटावर तिळाचा वेगळा उल्लेख सक्तीचा झालाय. म्हणून एक छोटं पातेलं वाटण पडायच्या आधीच बाजूला काढते, आणि त्याची पळीसुद्धा वेगळी. कुठला पदार्थ कशाचा, त्याची चिठ्ठी चिकटवते. आपल्याकडच्या मोठ्या जेवणांतही हे करायला हरकत नाही. "थोडं खाल्लं तर काय होतंय," हे अ‍ॅलर्जीच्या पोराला चुकूनही म्हणू नका.

जाताना बॅगेत काय न्यायचं, हे नेहमी विचारतात म्हणून सांगते. चटणी जाते, दोन पिशव्यांत बांधा, नाहीतर सगळ्या कपड्यांना तिचा वास लागतो. काकवी मोठ्या बॅगेत, हातातल्या नाही. मटणाचं लोणचं न्यायचं नाही, अमेरिकेत मांसाचे पदार्थ विमानतळावर काढून घेतात. आणि विमान दुबईहून असेल तर खसखस अजिबात नको. अमिरातीत तिच्यावर बंदी आहे, सिंगापुरातही.

हे आईला सांगितलं तर तिनं भरलेली पुडी बॅगेतून काढली, पण तोंड वाकडं करून. "मग पांढरा करणार कशाचा?" काजू जरा जास्त घालीन म्हटलं. "काजूनं दाट होतंय, चव कुठनं येणार?" यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. पुढच्या वेळी तिकीट दुसऱ्या मार्गानं काढ, एवढं सांगून ती चहा ठेवायला गेली.