रक्त पातळ करायची गोळी

नोकरीतून निवृत्त झाले तरी सोसायटीत मी अजून ‘लॅबवाल्या ताई’च आहे. लिफ्टमध्ये, भाजीच्या गाडीपाशी, आरतीला टाळ हातात असतानासुद्धा लोक रिपोर्ट पुढे करतात. त्यातला एक प्रश्न वर्षातून चार-पाच वेळा तरी ठरलेला. परवा तो तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी विचारला. त्यांना स्टेंट घातलाय.

“ताई, रक्त पातळ करायची गोळी घेतोय सात-आठ महिने. आता कितपत पातळ झालं असेल हो? मोजता येतं का?”

मागून काकू म्हणाल्या, “परवा दाढी करताना कापलं, तर किती वेळ थांबेना. फारच पातळ झालंय बहुतेक. दोन दिवस बंद ठेवू का गोळी?”

काकू, गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. स्टेंटवाल्यांनी तर मुळीच नाही. काय असेल ते हार्टच्या डॉक्टरांना विचारा. एवढं आधी सांगून टाकते, कारण पुढचं वाचायचा कंटाळा आला तरी हे कळायला हवं.

आता पातळपणाचं. काकांचं रक्त गोळीच्या आधी जेवढं दाट होतं तेवढंच आजही आहे. गोळी म्हणजे वरणात घातलेलं पाणी नव्हे. ‘रक्त पातळ’ हा शब्द कुणी रूढ केला देव जाणे, पण त्याने लोकांची कल्पना चुकीच्या वाटेला लागली एवढं खरं. बदललेली असते ती प्लेटलेटची, म्हणजे एकमेकींना चिकटून रक्त थांबवणाऱ्या बारीक पेशींची, चिकटायची तयारी, आणि ती ठरते प्लेटलेटच्या पोटात.

हे मी डोळ्यांनी पाहिलंय म्हणून सांगते. आमच्याकडे प्लेटलेट एकमेकींना किती चिकटतात ते मोजणारं ॲग्रिगोमीटर नावाचं यंत्र होतं. ही पद्धत गुस्ताव बॉर्न यांनी 1962 मध्ये काढली. भौतिकशास्त्रातले नोबेलवाले मॅक्स बॉर्न त्यांचे वडील. निळ्या टोपणाच्या सायट्रेटच्या ट्यूबमध्ये रक्त घ्यायचं, सेंट्रिफ्यूजमध्ये हळू फिरवायचं. लाल पेशी खाली बसतात आणि वर पिवळसर, गढूळ प्लाझ्मा राहतो. तो गढूळपणा म्हणजेच प्लेटलेट. ट्यूब उजेडात धरून हलकेच फिरवली की त्यात रेशमासारखी लकाकी सरकताना दिसते. मग तो प्लाझ्मा काचेच्या बारक्या नळीत, 37 अंशांवर, तळाशी एवढासा चुंबक गरगरत ठेवायचा. एका बाजूने उजेड सोडायचा आणि दुसऱ्या बाजूला किती पोचतो ते यंत्र कागदावर रेषेने काढत जातं. काही घातलं नाही तर रेष तळाशी सपाट. एडीपी नावाच्या रसायनाचा थेंब टाकला, की बघता बघता दूध नासल्यासारखे कण दिसू लागतात, पाणी निवळतं आणि रेष वर चढते.

मी नवीन असताना आमच्या सरांनी विचारलं होतं, “थेंब टाकायच्या आधी या प्लेटलेट एकमेकींना का चिकटल्या नव्हत्या?” मला उत्तर आलं नाही. प्रश्न साधा वाटतो, पण बघा. त्यांना जोडणारा दोर म्हणजे फायब्रिनोजेन, तो त्याच प्लाझ्मामध्ये आधीपासून भरपूर असतो. तो धरायचे हातही एकेका प्लेटलेटवर सुमारे 80,000 असतात. त्या हातांना इंटिग्रिन म्हणतात. दोर आहे, हात आहेत, तरी कुणी काही धरत नाही. आणि तेच बरं. रक्तात दर मायक्रोलिटरला दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असतात. त्या सगळ्या उठसूट चिकटू लागल्या तर माणूस दुपारच्या चहापर्यंत टिकायचा नाही.

मेख अशी की हे इंटिग्रिन एरवी उकिडवं बसलेलं असतं. गुडघे दुमडलेले, डोकं खाली, पावलं मात्र प्लेटलेटच्या भिंतीतून आत गेलेली. समोरून दोर जातो, हे उचलून बघत नाही. रक्तवाहिनीला इजा झाली की अस्तराखालचं कोलॅजन उघडं पडतं आणि प्लेटलेट त्याला टेकते. त्याबरोबर तिच्या आत कॅल्शियम वाढतं, रॅप-1 नावाची कळ दाबली जाते, आणि टॅलिन हे प्रथिन येऊन इंटिग्रिनचं आतलं पाऊल पकडतं. जोडीला किंडलिन असतं. मग उकिडवा बसलेला तो गडी ताडकन उभा राहतो, पंजा उघडतो आणि दोर धरतो. दोराचं दुसरं टोक शेजारणीने धरलेलं. हे सगळं काही सेकंदांत होतं. म्हणजे धरायचं बाहेर, पण हुकूम आतून.

काकांची ‘गोळी’ म्हणजे खरं तर दोन गोळ्या, ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल. दोन्ही या हुकमाच्या वाटेवर बसतात. जागी झालेली प्लेटलेट शेजारणींना उठवायला थ्रॉम्बॉक्सेन तयार करते. ॲस्पिरिन ते तयार करणारं एन्झाइम कायमचं मोडून ठेवतं. ॲस्पिरिन या जातीची रसायनं तयार होणंच थांबवते हे जॉन वेन यांनी 1971 मध्ये दाखवलं आणि 1982 च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा आला. दुसरी हाक एडीपीची. ती ऐकायचा कान क्लोपिडोग्रेल बुजवते. हातांना दोन्ही गोळ्या शिवतसुद्धा नाहीत. 80,000 च्या 80,000 जागेवर असतात, फक्त उठायचा निरोप क्षीण पोचतो. बाकीच्या वाटा, म्हणजे थ्रॉम्बिनची वगैरे, चालू असतात, म्हणून रक्त थांबतं, पण सावकाश.

मोडलेलं एन्झाइम प्लेटलेटला पुन्हा करता येत नाही, कारण तिला केंद्रकच नसतं. नवी प्लेटलेट येईपर्यंत वाट बघायची, आणि एकीचं आयुष्य सात ते दहा दिवसांचं. दात काढायचा किंवा ऑपरेशन असलं की डॉक्टर दिवसांचा हिशोब करतात तो यासाठी. हे मी फजिती करून घेऊन शिकले. यंत्र तपासायला ‘नॉर्मल’ रक्त लागायचं, म्हणून एकदा माझंच दिलं. ज्यापासून प्लेटलेट थ्रॉम्बॉक्सेन करते ते ॲराकिडोनिक ॲसिड टाकलं, तर रेष तळालाच. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मला घाम फुटला, आपल्याला काहीतरी मोठा आजार आहे म्हणून. सरांनी रेष बघितली आणि विचारलं, “डोकं कधी दुखलं होतं?” तीन दिवसांपूर्वी मी डिस्प्रिन घेतली होती. तीही ॲस्पिरिनच.

काही मुलांमध्ये मात्र ॲराकिडोनिक असो, एडीपी असो, कोलॅजन असो, सगळ्या रेषा सपाट येतात. फक्त रिस्टोसेटिन नावाच्या रसायनाला प्रतिसाद मिळतो, कारण ती वाट इंटिग्रिनची नाही. हा ग्लान्झमानचा आजार, 1918 मध्ये स्वित्झर्लंडच्या एडुआर्ड ग्लान्झमान यांनी वर्णन केलेला. नात्यात लग्नं झालेल्या घरांत तो जास्त दिसतो. आई रिपोर्ट घेऊन यायची, प्लेटलेटचा काउंट अडीच लाख. “काउंट तर चांगला आहे ना हो, मग नाकातून येणारं थांबत का नाही?” मी सांगायचे, “ताई, मोजलेल्या सगळ्या आहेत, पण त्यांना ते हातच नाहीत किंवा असून निकामी आहेत.” याहून दुर्मिळ एक आजार आहे, त्यात हात धडधाकट असतात आणि उठवणारं किंडलिन-3 नसतं. पांढऱ्या पेशीही असल्याच इंटिग्रिनने रक्तवाहिनीच्या भिंतीला धरून बाहेर पडतात. त्यामुळे या बाळांना रक्तस्रावही होतो आणि जंतुसंसर्गही थांबत नाही. कागदावर मात्र त्यांच्या पांढऱ्या पेशी भरपूर दिसतात.

थेट हातच बांधणारी औषधंही आहेत. त्यातल्या एकाचं मूळ कोकणातल्या माणसाला सांगितलं की तो दचकतो. फुरशाच्या विषात एक छोटं प्रथिन असतं. ते दोराच्या टोकाचं सोंग घेऊन इंटिग्रिनच्या पंजात जाऊन बसतं. त्याचं बघून टिरोफिबान हे औषध बेतलं गेलं. ते शिरेतून देतात, इस्पितळात, डोळ्यांसमोर ठेवून. घरी न्यायचं काम नाही.

हृदयाची झडप बदललेल्यांना वॉर्फरिन देतात, तिलाही लोक रक्त पातळ करायची गोळीच म्हणतात. तिचं काम निराळं, यकृतात बनणाऱ्या गोठण-घटकांवर चालतं. तिच्यासाठी आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा, मोजावा लागतो. काका, तुमच्या गोळ्यांना तो लागत नाही, आणि ॲग्रिगोमीटरही सगळ्यांना सरसकट लावत नाहीत. शौचाला काळी झाली, लघवी लाल झाली, उगाच मोठे निळे डाग दिसले, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

दाढीला कापलं तर कापूस दाबून धरा, घड्याळ लावून दहा मिनिटं. मध्ये उचलून बघायचं नाही. काकू म्हणाल्या, हे दर अर्ध्या मिनिटाला आरशात उचलून बघत होते.