घरच्या कॉम्प्युटरवर बिनबोलावता सुरू होणारे प्रोग्राम

रामबाग असो, लोकमान्य नगर असो की सुदामा नगर, इंदुरातल्या बऱ्याच मराठी घरांत हॉलमध्ये एकच डेस्कटॉप असतो आणि तो सगळ्यांचा असतो. बाबांचं टॅली आणि जीएसटी, मुलांचे गेम, आजोबांचं मंडळाच्या अहवालाचं टायपिंग, आईची यूट्यूबची भजनं. प्रत्येक जण काही ना काही इन्स्टॉल करतो आणि त्यातली निम्मी सॉफ्टवेअरं न विचारता 'विंडोजबरोबर मीही सुरू होणार' अशी सोय स्वतःच करून घेतात. मग पासवर्ड टाकल्यावर चार-पाच मिनिटं नुसतं गोल फिरणारं चक्र बघायचं. 'कॉम्प्युटर म्हातारा झालाय' हा निकाल बहुतेक वेळा घाईचा असतो.

आधी मोजा. त्यासाठी शट डाउन नको, रीस्टार्ट करा. विंडोज १० आणि ११ मध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शट डाउन केल्यावर सिस्टिमचा गाभा डिस्कवर साठवला जातो आणि पुढच्या वेळी तोच उचलला जातो, त्यामुळे खरी नवी सुरुवात फक्त रीस्टार्टनेच होते. पासवर्ड टाकल्यापासून टास्क मॅनेजरमधला (काय काय चालू आहे ते दाखवणारी विंडोजची खिडकी, ती उघडायची कशी ते पुढे आहे) डिस्कचा आकडा शंभरावरून खाली येऊन स्थिर होईपर्यंतचा वेळ कागदावर लिहून ठेवा. जास्त नेमकेपणा हवा असेल तर इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीत ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, डायग्नॉस्टिक्स-परफॉर्मन्स, ऑपरेशनल अशा क्रमाने जा. तिथे १०० क्रमांकाच्या नोंदीत बूटला, म्हणजे विंडोज सुरू व्हायला लागलेला वेळ मिलिसेकंदांत असतो.

आता कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. विंडोज १० मध्ये वर 'स्टार्टअप' हा टॅब असतो, तर ११ मध्ये डाव्या पट्टीत 'स्टार्टअप ॲप्स'. तिथला 'स्टार्टअप इम्पॅक्ट' हा रकाना अंदाजपंचे नसतो. सुरू होताना प्रोसेसरचा एका सेकंदाहून जास्त वेळ किंवा डिस्कवर ३ एमबीहून जास्त वाचन-लेखन झालं तर 'हाय'. ३०० मिलिसेकंद ते १ सेकंद, किंवा ३०० केबी ते ३ एमबी म्हणजे 'मीडियम'. त्याखाली 'लो'. नुकत्याच टाकलेल्या प्रोग्रामपुढे 'नॉट मेझर्ड' दिसतं. एक-दोन रीस्टार्टनंतर तिथे काहीतरी भरलं जातं. म्हणून यादी त्या रकान्यावर क्लिक करून लावा आणि 'हाय'वाल्यांपासून सुरू करा. 'लो'वाले दहा बंद करून फारसा फरक पडत नाही, यादी फक्त छोटी दिसते.

जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर फरक जास्त जाणवतो, कारण तिचं वाचणारं टोक एका वेळी एकाच जागी असतं. आठ प्रोग्रामांनी एकदम फायली मागितल्या की रात्री दहाला सराफ्याच्या गल्लीत सगळे एकदम शिरल्यावर होतं तेच होतं: कुणीच पुढे सरकत नाही.

राइट क्लिक करून 'डिसेबल' केलं म्हणजे प्रोग्राम काढला जात नाही, तो आपणहून सुरू होणं थांबतं एवढंच. आयकॉनवर डबल क्लिक केलं की तो नेहमीसारखाच उघडतो. म्हणून स्पॉटिफाय, स्टीम, डिस्कॉर्ड, टोरेंट, कुठलं 'अपडेटर', प्रिंटरची शाई विकायला बसलेलं हेल्पर हे सगळं बेलाशक बंद करा. प्रिंटर ड्रायव्हरवर चालतो, हेल्परवर नाही. वनड्राइव्ह, म्हणजे फायली इंटरनेटवर साठवणारी मायक्रोसॉफ्टची सोय, मात्र विचार करून. घरातल्या कुणाचे फोटो किंवा डेस्कटॉपच्या फायली त्यात जात असतील तर बंद केल्यावर बॅकअप गुपचूप थांबतो आणि कळतं ते फाइल शोधायची वेळ आल्यावर.

हात लावू नये अशी मंडळीही आहेत. विंडोज सिक्युरिटीचा आयकॉन, अँटिव्हायरस, लॅपटॉप असेल तर टचपॅडचं सॉफ्टवेअर, आवाजासाठी रियलटेकची नोंद. आपल्या घरांतले दोन खास प्रकार बाहेरच्या याद्यांत सापडत नाहीत. एक, डिजिटल सिग्नेचरच्या यूएसबी टोकनचं सॉफ्टवेअर आणि जीएसटी पोर्टलसाठीचं एमसाइनर. ते चालू नसेल तर पोर्टलवर सही उमटत नाही आणि दोष टोकनला दिला जातो. दुसरा, श्रीलिपी किंवा आयएसएमसारखं जुनं मराठी टायपिंग. आजोबांची बोटं ज्या कीबोर्डला सरावली आहेत तो सकाळी गायब झाला तर तुमची सगळी सफाई वाया गेली असं समजा. (युनिकोडवर यायची तयारी असेल तर विंडोज १० च्या २०१९ नंतरच्या आवृत्त्यांत मराठी फोनेटिक कीबोर्ड आतच आहे, त्याला स्टार्टअपची गरज नाही.)

नाव ओळखीचं नसेल तर रकान्यांच्या मथळ्यावर राइट क्लिक करून 'कमांड लाइन' चालू करा. प्रोग्राम नेमका कुठल्या फोल्डरमधून उठतो ते दिसतं. 'प्रोग्राम फाइल्स'मधला आणि प्रकाशकाचं नाव असलेला बहुधा बरा. 'टेम्प' या तात्पुरत्या फायलींच्या फोल्डरमधून येणारा, किंवा डब्ल्यूस्क्रिप्ट वा पॉवरशेलला (विंडोजमधली आज्ञा चालवणारी साधनं) लांबलचक ओळ देणारा दिसला तर आधी पूर्ण व्हायरस स्कॅन. नुसतं 'ॲपडेटा' दिसलं म्हणून घाबरायचं कारण नाही, डिस्कॉर्डसारखे साधे प्रोग्रामही तिथेच राहतात. कधी कधी पांढऱ्या कोऱ्या आयकॉनची, नुसती 'प्रोग्राम' एवढ्याच नावाची नोंद असते. ती बहुतेक वेळा आधीच काढून टाकलेल्या सॉफ्टवेअरचं उरलेलं शेपूट असते. पत्त्याला अवतरणचिन्हं नसल्यामुळे विंडोज 'प्रोग्राम फाइल्स'मधला पहिला शब्दच नाव समजतं.

आता घरच्या कॉम्प्युटरची खरी मेख. या यादीतले काही प्रोग्राम सगळ्यांसाठी असतात आणि काही फक्त त्या त्या अकाउंटचे. बाबांच्या लॉगिनमध्ये सफाई केली तरी मुलाच्या लॉगिनमधला स्टीम जागच्या जागी राहतो. म्हणजे प्रत्येकाच्या अकाउंटमध्ये जाऊन तेच काम पुन्हा. आणि 'स्विच युजर' करून उठणाऱ्यांना घरात सक्त ताकीद द्या: त्यांचे सगळे प्रोग्राम मागे चालूच राहतात, मेमरी धरून बसतात. टास्क मॅनेजरच्या 'युजर्स' टॅबमध्ये कोण किती खातंय ते दिसतं. ४ जीबी रॅमच्या मशीनवर दोन अकाउंट एकदम उघडी असणं हेच अनेकदा संथपणाचं मूळ असतं. उठताना साइन आउट करायचं. मुलांना स्टँडर्ड अकाउंट दिलं की सगळ्यांच्या माथी बसणारं सॉफ्टवेअर अ‍ॅडमिनच्या पासवर्डशिवाय बसत नाही, तोही फायदा.

यादी साफ करूनही काही उगवतंच, तेव्हा इतर ठिकाणं बघा. सेटिंग्ज, अकाउंट्स, साइन-इन ऑप्शन्स इथे शेवटी उघडी असलेली ॲप्स पुन्हा सुरू करण्याचं बटण आहे, ते बंद करा. एज या मायक्रोसॉफ्टच्या ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये 'सिस्टिम अँड परफॉर्मन्स'खाली 'स्टार्टअप बूस्ट' असतं. एज आणि क्रोम दोघांतही 'ब्राउझर बंद केल्यावरही मागे चालू ठेवा' अशा अर्थाचा एक पर्याय असतो, तोही बंद. उजव्या कोपऱ्यात 'तुमच्या कॉम्प्युटरवर व्हायरस आहे' अशा पाट्या येत असतील तर तो बहुधा प्रोग्राम नसतोच. कुणीतरी एखाद्या साइटला नोटिफिकेशनची परवानगी दिलेली असते, ती ब्राउझरच्या सेटिंग्जमधून काढायची.

एवढ्याने भागलं नाही तर मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्सचं मोफत 'ऑटोरन्स' घ्या, मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून. रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जची साठवण), टास्क शेड्यूलर (ठरल्या वेळी कामं सुरू करणारा), सर्व्हिसेस (मागे चालणारे प्रोग्राम), सगळं एका जागी दिसतं. ऑप्शन्समध्ये 'हाइड मायक्रोसॉफ्ट एंट्रीज' आधी चालू करा, मगच हात घाला. पिवळी ओळ म्हणजे फाइलच जागेवर नाही. गुलाबी म्हणजे प्रकाशकाची खात्री नाही. खूण काढायची, डिलीट करायचं नाही. खूण परत लावता येते, डिलीट परत येत नाही. आणि एका वेळी दोन-तीनच काढा, रीस्टार्ट करा, आवाज, प्रिंटर, टायपिंग, टोकन तपासा. पंधरा एकदम काढले तर बिघाड कशामुळे झाला ते कळायला तीच पंधरा उलट्या क्रमाने लावत बसावं लागतं.

बंद केलेलं अपडेटनंतर पुन्हा आलं, तर ते त्या प्रोग्रामने स्वतः लिहिलेलं असतं. म्हणून आधी त्याच्याच सेटिंग्जमध्ये 'लॉगिन झाल्यावर उघडा'ची खूण काढावी आणि मग टास्क मॅनेजरकडे यावं. एखादा प्रोग्राम हवाच आहे पण घाईने नको, तर तो स्टार्टअपमधून काढून टास्क शेड्यूलरमध्ये 'ॲट लॉग ऑन'चं टास्क बनवा आणि ट्रिगरमध्ये दोन मिनिटांचा डिले द्या.

एमएसकॉन्फिग या विंडोजच्या जुन्या सेटिंग्ज-साधनाबद्दल दोन शब्द. तिथला स्टार्टअप टॅब विंडोज ८ पासून टास्क मॅनेजरकडे गेला आहे. सर्व्हिसेस टॅबमध्ये 'हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस' न करता 'डिसेबल ऑल' दाबलं तर पिनने लॉगिन होणंही बंद पडू शकतं. आणि बूट टॅबमध्ये प्रोसेसरची संख्या चारवर ठेवली की वेग वाढतो, हे व्हॉट्सॲपवरचं ज्ञान चुकीचं आहे. ती सोय प्रोसेसर कमी करून चाचणी घेण्यासाठी आहे. 'पीसी क्लीनर' नावाची सॉफ्टवेअरं तर स्वतःच स्टार्टअपमध्ये येऊन बसतात.

हे सगळं करून फिरती डिस्क तरीही शंभर टक्क्यांवरच राहत असेल तर आता पैसे खर्च करा: एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क. आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये जाण्याआधी मदरबोर्डवर एम-डॉट-टू स्लॉट (पट्टीसारखी एसएसडी बसवायची खाच) आहे का आणि तो एनव्हीएमई, म्हणजे जास्त वेगवान प्रकार, घेतो का ते बघा. नसेल तर अडीच इंची साटा एसएसडी (केबलने जोडायचा प्रकार) बहुतेक डेस्कटॉपमध्ये बसते, साटाची केबल मात्र सोबत मागून घ्या, ती बहुतेक वेळा डब्यात नसते. विंडोज आणि टॅलीपुरती २४० किंवा २५६ जीबीची पुरते, फोटो जुन्या डिस्कवर राहू द्यावेत. दुकानदार जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल करून देतो, पण तिच्याबरोबर जुना कचराही येतो, म्हणून सफाई आधी आणि नक्कल नंतर.